जन्माची धाप

त्या मुलखात दुखणं एकच होतं, आणि त्याला झळ म्हणत. ती केव्हा येईल, कुणाला लागेल, कशाचा नेम नसे. ज्याला लागली त्याची धाप वाढत जाई, डोळे पांढरे होत, आणि तीन बादल्या पाणी एकदम अंगावर पडलं तरच जीव वाचे, असं सगळे मानत. झरा मात्र घरटी दिवसाला दोनच वाडगे पाणी देई. एक पिण्यात संपे. उरलेल्या एका वाडग्याचं काय करायचं, एवढ्या एका प्रश्नावर तिथल्या सगळ्यांच्या झोपा उडालेल्या असत.

भुरी शेळीची झोप तर ढोल्या घरात आल्या दिवसापासून उडाली होती. ढोल्या म्हणजे बुलडॉगचं पिल्लू. बसक्या नाकाचा, जाड मानेचा, चालताना गाडगं घरंगळावं तसा डुलणारा. पोरका सापडला म्हणून भुरीने त्याला आणलं, आणि मग त्याच्यावाचून तिचं पान हलेना. तो दुपारी सावलीत घुर्र घुर्र करत झोपे आणि भुरी शेजारी बसून ते ऐके. घुर्र जरा लांबली, की ती त्याच्या नाकाशी कान नेई. असल्या नाकाच्या जीवाला झळ लागली तर तो पळभरही टिकायचा नाही, असं सगळेच म्हणत. तिच्या तोंडावर म्हणत, हे विशेष.

वाडग्याला वाटा दोनच होत्या. रोज घरच्या रांजणात ओतायचा, तर तीन बादल्या जमायला तीन महिने जात, आणि निम्मं पाणी ऊनच पिऊन टाके. नाहीतर तो टेकडीवरच्या सामाईक विहिरीत ओतायचा. तिथे रोज वाडगा ओतणाऱ्याच्या घरात कुणाला झळ लागली, की विहीर त्याच दिवशी तीन बादल्या देई.

भुरीने शेजारी विचारलं. घोरपड म्हणाली, "अगं, आठच दिवस ओतलं होतं मी, नवव्या दिवशी झळ लागली. तीन बादल्या काढून दिल्या. आज दिसतेय ती त्या विहिरीमुळे."

टिटवी फणकारली. "मी सात वर्षं ओततेय. थेंब परत आला नाही."

"मग सोडत का नाहीस?"

"सोडलं आणि उद्याच लागली म्हणजे?" टिटवी म्हणाली आणि वाडगा उचलून टेकडीच्या वाटेला लागली.

भुरीने दोन दिवस विचार केला. खरं म्हणजे विचार केला नाही, नुसती घाबरत राहिली. तिसऱ्या दिवशी भर उन्हात ढोल्याला घेऊन ती टेकडी चढली.

विहिरीचा कारभार एका बेडकाकडे होता. त्याला सगळे मुकादम म्हणत. त्याने एक मोठं पान पुढे ओढलं आणि नियमांची यादी एका दमात म्हणून टाकली. मुकादम लबाड नव्हता; त्याने एकही नियम गाळला नाही. पण भुरीच्या कानात 'तीन बादल्या' एवढंच शिरलं. बाकी सगळं डरावडराव.

मग मुकादमाने ढोल्याकडे पाहिलं. चढ चढून आल्याने पोर धापा टाकत होतं. जीभ बाहेर, पोट भात्यासारखं हलत होतं.

"ही धाप कधीची?"

आता त्या मुलखात एक रीत होती. लेकराचं काहीही वावगं 'आत्ताचं' आहे असं बोलायचं नाही. बोललं की झळ ते ऐकते आणि मागोमाग येते. म्हणून आया हसून, लेकरावरून खूर फिरवून, नेहमी एकच वाक्य म्हणत. भुरीच्या तोंडूनही तेच निघालं.

"जन्मापासून अस्साच आहे मेला!"

मुकादमाने मान डोलावली आणि पानावर लिहिलं: धाप, जन्माची.

त्या दिवसापासून भुरी रोज टेकडी चढे आणि वाडगा ओते. विहिरीच्या काठावर सगळ्यांच्याच वाडग्यातलं थोडं थोडं सांडे, त्यामुळे तिथे कायम चिखल असे. त्या चिखलाची नोंद कुठल्याच पानावर नव्हती. घरी रांजण कोरडा पडला, पण भुरीला पहिल्यांदाच दुपारी डुलकी लागू लागली.

तिसऱ्या उन्हाळ्यात झळ आली. ढोल्या अंगणात उभा होता तो बसला, बसला तो कलंडला. घुर्र थांबली आणि तिच्या जागी शीळ घातल्यासारखा बारीक आवाज येऊ लागला. भुरी टेकडी पळत चढली.

"मुकादम, माझा ढोल्या पडला हो! बादल्या द्या!"

"काय होतंय त्याला?"

"धाप लागलीय, दुसरं काय होणार!"

मुकादमाने पान काढलं, शांतपणे वाचलं आणि पुन्हा वाचलं. "भुरीबाई, धाप तर जन्माची आहे. जन्माची धाप विहीर धरत नाही. पहिल्याच दिवशी म्हणून दाखवलं होतं."

"अहो, ते म्हणायचं असतं म्हणून म्हटलं! तेव्हा तो चढ चढून आला होता!"

"असेल. पण पानावर हे आहे." त्याला वाईट वाटत होतं, तसं त्याने बोलूनही दाखवलं. "दुसरं काही झालं तर विहीर आहेच. आणि ओतणं मात्र थांबवू नका. थांबवलंत, की आजवरचं सगळं गेलं."

भुरी कठड्याशी चिखलात उभी होती. खाली पाणी काठोकाठ भरलेलं होतं, आणि त्यात तिला तिचंच भ्यालेलं तोंड दिसलं. ती तशीच वळली आणि पळाली.

ढोल्या अजून धरून होता. रांजणाच्या तळाला ओलही नव्हती. भुरी त्याच्याशेजारी कोसळली आणि रडू लागली. तेवढ्यात तिच्या खुराला काहीतरी खरखरीत लागलं. ढोल्याची जीभ होती. तिच्या पायांना गुडघ्यापर्यंत विहिरीकाठचा चिखल लागला होता, आणि तो तेवढा गारवा चाटत होता. भुरीने भराभरा चारी पायांचा चिखल निपटून त्याच्या नाकावर, पोटावर, कानामागे थापला. बराच वेळ ती बारीक शीळ चालू राहिली. मग अडखळत, थांबत, एकदा घुर्र झाली. भुरीने श्वास सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वाडगा घेऊन विहिरीवरच्या रांगेत होती. टिटवीने नवलाने वळून पाहिलं. भुरीने आपला वाडगा नेहमीसारखा आत ओतला, थेंबही कमी न करता. मग ती बाजूला झाली, काठावर चिखल सगळ्यात खोल होता तिथे गेली, आणि चारी पाय एकेक करून गुडघ्यापर्यंत नीट बुडवले. ऊन चढू लागलं होतं. चिखल वाळायच्या आत घर गाठायचं म्हणून ती उतारावरून धावत सुटली.