पाच फेटे, एक डोकं

खूप खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की त्या नदीचं नावही आता कुणाला आठवत नाही. नदीच्या अलीकडे एक गाव, पलीकडे एक गाव आणि मधे दोघांचा मिळून एकच बंधारा. उन्हाळ्यात पाणी आधी कोणी घ्यायचं, यावरून दर वर्षी डोकी फुटायची. शेवटी शहाण्या माणसांनी रीत घालून दिली. जत्रेत पाच खेळ खेळायचे: पळणं, धोंडा उचलणं, मलखांब, पोहणं आणि कुस्ती. एका खेळाला एक फेटा. ज्या गावाकडे तीन फेटे, त्याला पाणी पहिलं.

अलीकडच्या गावात एक गडी होता. देवाने त्याला घडवताना हात आखडता घेतला नव्हता. पहिल्या वर्षी तो नुसता पळाला आणि जिंकला. दुसऱ्या वर्षी गावचा पोहणारा तापाने पडला, म्हणून हाच पाण्यात उतरला. मग पैलवानाचा खांदा निखळला. असं होता होता पाचव्या वर्षी पाचही फेटे याच्याच डोक्यावर एकावर एक चढले, आणि घराच्या दारातून आत जाताना त्याला बसून सरकावं लागलं. गाव पोट धरून हसलं. तेव्हापासून लोक त्याला पाचफेट्या म्हणू लागले.

अशी वीस वर्षं गेली. कुस्तीला अंगात वजन लागतं आणि मलखांबाला अंग हलकं लागतं. म्हणून हा बिचारा चार महिने भूक नसताना खाई आणि चार महिने भुकेला झोपे. गावाला मात्र काही करावं लागत नसे. तालमीत आता सोंगट्यांचे डाव पडत. जत्रा जवळ आली की पाटील त्याच्या पाठीवर थाप मारत आणि म्हणत, "तू हाईस की."

खरं सांगायचं तर त्यालाही ते शब्द गोड लागत. एकदा कुंभाराची मुलगी त्याच्याकडे आली होती. ती भर पुरात नदी पार करून जाई. या वर्षी पोहायला मी उतरू का, असं तिने विचारलं. तो हसून म्हणाला होता, "कशाला? मी हाय की."

एकविसाव्या वर्षी त्याचा गुडघा सुजला. त्याने पाटलांना विनवलं, की दोन खेळ तरी दुसऱ्या कुणाला द्या. पाटलांनी नेहमीची थाप मारली आणि ते सोंगट्या खेळायला निघून गेले. त्याची थोरली बहीण गुडघ्यावर एरंडाचं पान शेकून बांधत होती. ती म्हणाली, "दमलास हे तुला सांगायचं न्हाई, आन् गावाला ऐकायचं न्हाई. मग गुडघ्यानं तरी काय करावं?"

तो तसाच जत्रेला गेला.

पळण्यात तो वीतभर पुढे राहिला. धोंडाही उचलला. मलखांबावर हात सुटला. पोहताना अर्ध्या नदीत दम संपला. दोन फेटे इकडे, दोन तिकडे. कुस्तीला पलीकडच्या गावाचा पैलवान उतरला. तो सकाळपासून आंब्याखाली निवांत बसून होता. त्याने या थकलेल्या माणसाला आपटलं नाही. दोन्ही हातांनी धरून अलगद मातीवर ठेवलं आणि कानाशी म्हणाला, "काका, पडा आता जरा."

आणि खोटं कशाला बोला, त्याला मातीवर पडून फार बरं वाटलं. उठावंसंच वाटेना.

त्या उन्हाळ्यात अलीकडच्या गावाला पाणी पलीकडच्या गावानंतर मिळालं. वांगी वाळली, मिरची करपली. गाव पारावर जमलं आणि पुढच्या वर्षी कोण, असं म्हणत सगळे त्याच्याकडेच बघू लागले. तो पहिल्यांदाच म्हणाला, "मी न्हाई." मग तरण्याताठ्यांना पळायला लावलं, तर पाटलांच्या मळ्यापर्यंत जाईतो सगळ्यांना धाप लागली. वीस वर्षांत कुणी पळालंच नव्हतं.

तो लंगडत कुंभाराच्या मुलीकडे गेला. तवा मी चुकलो, असं म्हणाला. ती आता दोन लेकरांची आई होती. चाकावरची माती पुसत ती म्हणाली, "जवा मागत हुते तवा न्हाई दिलंत, काका. आता माझा दम सरला." तरी दुसऱ्या दिवशी ती नदीवर आली. काठावर उभी राहून गावच्या पोरींना हात कसे मारायचे ते सांगू लागली.

तीन वर्षं गावाला शेवटचंच पाणी मिळालं. तीन वर्षं हा माणूस सकाळी तालमीत शिव्या देत शिकवत राहिला. चौथ्या वर्षी गावात तीन फेटे आले, तीन वेगवेगळ्या डोक्यांवर. वाजतगाजत मिरवणूक निघाली. तो बंधाऱ्यावर पाण्यात पाय सोडून बसला होता. त्याच्याकडे कुणाचं लक्षही गेलं नाही. ते त्याला जरा लागलं. मग पाटाला पाणी सुटल्याचा आवाज आला. तो सावकाश उठला, घरी गेला आणि भर दुपारी गाढ झोपला.

म्हणून लक्षात ठेवा: जो सगळ्यांच्या वाट्याचं एकटाच करत राहतो, तो स्वतः झिजतो आणि बाकीच्यांना दुबळं करून ठेवतो.