खरकट्यांची पंगत

त्या राज्यात अन्न उरत असे आणि सरपण पुरत नसे. राजचूल विझायला आली तेव्हा फर्मान निघाले: सगळ्या खरकट्यांनी उन्हात वाळावे, यंत्रात शिरावे आणि जळणाच्या कांड्या होऊन बाहेर पडावे. चूल विझलीच, तर सगळ्यांची रवानगी उकिरड्यावर, बुरशीकडे. बुरशी कोणालाच नाही म्हणत नसे.

खरकटी लगबगीने निघाली आणि यंत्राच्या तोंडाशी अडली. आधी कोणी शिरायचे? ताटात वाढतात त्याच क्रमाने, असे मिठाचे मत पडले, कारण मीठ पहिले वाढतात. डावीकडच्या चटणी-कोशिंबिरीने मान डोलावली. उजवीकडच्या भाज्या रुसल्या. तेवढ्यात पुरणपोळीचा अर्धा तुकडा पुढे सरकला.

"मी सणाची आहे," पोळी म्हणाली. "मी एकटी जाणार. त्या कांद्याच्या सालींबरोबर तर नाहीच."

"आम्ही ताटात कधी आलोच नाही, पोळीबाई," एक साल म्हणाली. "मग आमचा नंबर कुठला?"

"तेच म्हणतेय मी."

चूल धुमसू लागली, तसा सगळ्यांनी नाइलाजाने पोळीला मान दिला. ती डौलात आत शिरली आणि भोकात अडकली. अंगातल्या तुपागुळामुळे ती वाळलीच नव्हती. यंत्र दोनदा खाकरले आणि गप्प झाले.

"काय झालं हो?" चटणीने विचारले.

"काही नाही. जरा टेकलेय," आतून उत्तर आले. मग बारीक आवाजात: "तिकडे कोणी कोरडं आहे का?"

कोरड्या होत्या फक्त कांद्याच्या साली आणि शेंगांची टरफले.

"आहोत की," साल म्हणाली. "पण आमचा वास येतो म्हणे."

"आता मला नाक कुठे राहिलंय? या लवकर."

साली आणि टरफले आत घुसली. त्यांनी पोळीला चहूकडून घट्ट धरले आणि ढकलले. यंत्र हलले. मागोमाग डावे-उजवे सगळेच आत पडले, आणि पलीकडून टणक, तपकिरी कांड्या टपटप बाहेर आल्या. कोणत्या कांडीत आपण किती, हे पोळीलाही सांगता येईना. कांड्या चुलीत गेल्या आणि चूल ढणढणली.

वर तव्यावर एक नवी पुरणपोळी टम्म फुगली. तिने कडेवरून खाली ज्वाळांकडे पाहिले.

"अहो खालचे," ती म्हणाली, "जरा अंतर ठेवून जळा."