तांबटाचा मासा आणि नवी घागर

एका गावात एक तांबट राहायचा, आणि त्याच्या गल्लीत सगळी माणसं हळू आवाजात बोलायची. हात त्याचा असा, की त्यानं ठोकलेलं घंगाळ आजीकडून नातीकडे गेलं तरी त्याला पोचा यायचा नाही. आणि राग? रागाचं तर विचारूच नका! काम असो नसो, हातोडा हातातच असायचा, आणि तोंड चालू झालं की हातोडाही बरोबर चालू व्हायचा. मारलं त्यानं कधी कुणाला नव्हतं. पण नाकासमोर हातोडा हलत असताना ही गोष्ट आठवते कुणाला? घरात बायको, मुलगा आणि नवी सून. तिघांनाही त्याच्यापुढे दोनच शब्द येत, 'हो' आणि 'बरं'.

अशा माणसाचा जीव कशात अडकावा? एका माशात! काचसामान विकणारा एक फिरस्ता गावात आला होता. त्यानं दोन हंड्यांच्या बदल्यात तांबटाला एक मोठी काचेची पेटी दिली, आणि तिच्यात बोटभर लांबीचा एक मासा. रंग थेट नुकत्याच घासलेल्या तांब्याचा. तांबट बघतच राहिला. त्यानं माशाचं नाव ठेवलं तांबू, आणि पेटी ओसरीवर मांडली. संध्याकाळी काम आटोपलं की तो काचेला नाक लावून विचारायचा, "जेवलास का रे बाळा?" पोटच्या मुलाला त्यानं जन्मात कधी असं विचारलं नव्हतं.

माशाची देखभाल सुनेकडे होती. ती रोज पेटीतलं थोडं पाणी काढायची, तेवढंच रांजणातलं घालायची आणि कणकेचे मोहरीएवढे गोळे टाकायची. तांबू तिचं बोट ओळखायला लागला. बोट काचेवर फिरवलं की मागे मागे यायचा. त्या मुक्या घरात दिवसाकाठी तेवढीच काय ती गंमत, आणि सुनेला ती फार मोलाची वाटायची.

मग आला दसरा. तांबटानं त्या दिवशी एक नवी घागर पुरी केली, अशी सुंदर की येणारा जाणारा थबकून बघत होता. तांबटाला एकदम सुचलं.

"आपण पाणी कुठलं पितो?" त्यानं विचारलं.

"तांब्यातलं," बायको म्हणाली.

"मग माझ्या तांबूनं मातीच्या रांजणातलं का प्यावं? तांब्यातल्या पाण्यानं दुखणी पळतात. आजपासून त्याला ह्याच घागरीतलं पाणी!"

"बरं," तिघंही म्हणाली.

झालं! घागर चिंचेनं खसाखसा घासली, तिच्यात पाणी भरून रात्रभर ठेवलं आणि सकाळी सगळी पेटी त्याच पाण्यानं भरली. चौथ्या दिवशी सून कणकेचे गोळे घेऊन आली, बघते तर तांबू पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकतोय. पंख अंगाला चिकटलेले, अंगावर शेवाळासारखा बुळबुळीत थर. तिनं काचेवर बोट फिरवलं. तांबू हललासुद्धा नाही.

तांबटानं पाहिलं आणि घर डोक्यावर घेतलं. "काय खायला घातलंस त्याला?"

"नेहमीचंच, मामंजी. कणीक."

"खोटं! काहीतरी केलंयस तू! आता पाणी दोनदा बदलायचं, सकाळी आणि संध्याकाळी. घागरीतलं पाणी, ध्यानात ठेव. आणि एक सांगून ठेवतो. तांबूला काही झालं, तर त्याच दिवशी तू माहेरची वाट धरायची!"

सुनेच्या पाचावर धारण बसली. माहेरी म्हातारा बाप एकटा. टाकलेली लेक दारात आली तर त्यानं गावाला तोंड कसं दाखवायचं? ती दिवसभर पेटीपाशी बसून राहायला लागली. तांबूचा कल्ला हलला की तिला श्वास यायचा. ओसरीवर पाऊल वाजलं की ती चटकन उठून उभी राहायची. पाणी दोनदा बदलत होतं, आणि तांबू जास्तच खंगत होता.

पुढे एक दिवस असा आला की शेजारी बारसं निघालं आणि ती देखणी घागर मांडवात मिरवायला म्हणून मागून नेली. तांबटही तिकडेच अडकला. सुनेनं त्या दिवशी नाइलाजानं रांजणातलं पाणी घातलं. संध्याकाळी काय बघते! तांबू खाली उतरून, डुलत का होईना, पोहत होता. एक गोळासुद्धा त्यानं गिळला. सुनेला रडूच फुटलं. दुसऱ्या दिवशी घागर परत आली, पाणी पुन्हा तिच्यातलं झालं, आणि दुपारपर्यंत तांबू एका अंगावर कलला.

आता मात्र सुनेच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ती धावत स्वयंपाकघरात गेली. "सासूबाई, कल्हई नसलेल्या भांड्यात ताक ठेवलं तर ते कळकतं, हो ना? त्यात तांबं उतरतं आणि ते विषासारखं होतं. मग चिंचेनं घासलेल्या घागरीतलं पाणी त्या एवढ्याशा जिवाला कसं सोसावं?"

सासूचा भाकरीवरचा हात थांबला. तिनं आधी दाराकडे पाहिलं. "हळू बोल, बाई! मला का कळत नाही? पण त्यांच्यासमोर तांब्याला नाव कोण ठेवणार?"

सून नवऱ्याकडे गेली. तो म्हणाला, "मलाही तसंच वाटतंय. पण बाबांना सांगायचं म्हणजे... नको गं बाई. तूही गप बस."

तेवढ्यात तांबटानंच वैद्याला बोलावून आणलं. वैद्यानं पेटीतलं पाणी ओंजळीत घेतलं, वास घेतला, जिभेला लावलं आणि थू थू करून थुंकला. मग त्यानं घागरीकडे पाहिलं. मग तांबटाकडे, आणि त्याच्या हातातल्या हातोड्याकडे. "दृष्ट लागलीय," तो घाईघाईनं म्हणाला. "मीठमोहरी ओवाळा." आणि चपला पायात नीट न घालताच निघाला.

सुनेनं त्याला गल्लीच्या तोंडाशी गाठलं. "वैद्यबुवा, तुम्ही ओळखलंत ना?"

"मला काही विचारू नकोस, मुली. मला ह्याच गल्लीत राहायचंय."

ती परत आली. चोरून रांजणातलं पाणी घालावं, कुणाला कळणारही नाही, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. पण ओसरीवर पाऊल ठेवते तो काय, तांबट स्वतःच घागर उचलून पेटीपाशी उभा! "आता तुम्हा कुणाचा भरवसा नाही," तो म्हणाला. "मीच पाणी घालतो. काठोकाठ घालतो."

तांबूचं तोंड उघडत होतं, मिटत होतं, आणि दोन्हींमधलं अंतर वाढत चाललं होतं. हे पाणी पडलं की खेळ खलास, हे सुनेला स्वच्छ दिसत होतं. गप्प राहिलं तर तांबू जाणार आणि आपणही जाणार. बोललं तर? तर हा हातोडा, हा आवाज, आणि पुढे काय, देव जाणे.

"मामंजी, नका घालू," ती म्हणाली. आवाज इतका बारीक होता की तिचा तिलाच ऐकू आला नाही. म्हणून तिनं पुन्हा म्हटलं, आणि ह्या वेळी ती जवळजवळ किंचाळलीच. "नका घालू! घागरीतल्या पाण्यानंच तो मरतोय!"

सासूच्या हातातलं उलथनं खाली पडलं. तांबटाचा चेहरा लालबुंद झाला. घागर खाली ठेवून त्यानं हातोडा उचलला. "माझ्या तांब्याला विष म्हणतेस? पुन्हा बोल!"

सुनेनं डोळे गच्च मिटले, आणि मिटलेल्या डोळ्यांनीच बोलली. "आपण पेलाभर पाणी पितो, मामंजी. तो त्यात राहतो. श्वासही त्यातच घेतो. ताक कळकतं म्हणून तुम्हीच गिऱ्हाइकांना सांगता, कल्हई करून घ्या. दोन दिवस, फक्त दोन दिवस रांजणातलं पाणी घालू द्या. मी चुकले तर तुम्ही सांगायचीही गरज नाही, मी आपणहून माहेरी जाईन."

हातोडा पडला नाही. "दोन दिवस," तांबट घोगऱ्या आवाजात म्हणाला. "तिसऱ्या दिवशी मी आहे आणि तू आहेस."

सुनेनं सगळं पाणी एकदम बदललं नाही, आजारी जिवाला तेही झेपलं नसतं. पेलाभर काढायची, पेलाभर घालायची, थोडं थांबायची. पाण्यात तिनं चिमूटभर जाडं मीठ विरघळवलं. तांबू कललेलाच होता. पहिला दिवस तसाच गेला. तिनं अन्नाला हात लावला नाही, आणि मागे येरझारा घालणाऱ्या पावलांकडे वळूनही पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं भीत भीत काचेवर बोट ठेवलं. तांबूची शेपटी हलली. मग तो सरळ झाला, आणि हळूहळू, जणू फार लांबून येतोय असा, बोटापाशी आला.

तांबट मटकन खाली बसला. मग उठून त्यानं वैद्याला बोलावून घेतलं. "एवढे मोठे वैद्य तुम्ही! तुम्हाला कसं कळलं नाही?"

वैद्यानं मान खाली घातली. "कळलं होतं. पाणी जिभेला लावताक्षणी कळलं होतं."

तांबटानं बायकोकडे पाहिलं. "तुला?"

"मलाही."

"आणि तुला रे?" मुलानं नुसती मान हलवली.

"सगळ्यांना ठाऊक होतं! माझा तांबू माझ्याच हातानं मरत होता, आणि एक ही काल आलेली पोर सोडली तर कुणी ब्रसुद्धा काढला नाही?" सगळी भिंतीला पाठ लावून उभी होती आणि त्याच्या आवाजानं दचकत होती. तांबटानं ते पाहिलं, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं. गल्लीला घाबरवणारा तो माणूस त्या क्षणी स्वतः घाबरला.

खूप हळू आवाजात त्यानं विचारलं, "आणखी काय काय सांगितलं नाहीत मला?"

घरातल्या तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी बायकोनं पाट पुढे सरकवला आणि ती म्हणाली, "बसा. वेळ लागेल."

तात्पर्य: ज्याच्या धाकानं घरच्यांची तोंडं मिटतात, त्याच्या हातून त्याचंच लाडकं मरत असलं तरी त्याला कुणी सांगत नाही; आणि जीव वाचतो तो भीत भीत का होईना, खरं बोलणाऱ्यामुळेच.