बभ्रूचे नाक

त्या राज्यात साप फारसा कोणी पाहिलेला नव्हता, पण सापाची भीती सगळ्यांना होती. राज्याचे सगळे धान्य एका दगडी कोठारात असे आणि त्या धान्यावर पारव्यांची, खारींची, चिमण्यांची घरे चालत. कोठाराच्या भिंतीला फटी पडल्या होत्या. त्या बुजवायचे काम दरवर्षी निघे आणि दरवर्षी राहून जाई. त्याऐवजी फटींवर पहारा बसवलेला होता.

दिवसाचा पहारा बभ्रू नावाच्या मुंगसाकडे होता आणि रात्रीचा शूलपाणी नावाच्या साळिंदराकडे. पहारा बदलताना, दिवस उगवता-मावळता तेवढी दोघांची गाठ पडे.

"वास?" येणारा विचारी.

"नाही," जाणारा सांगे.

एवढ्याशा बोलण्यावर त्यांची मैत्री पुष्कळ वर्षे तगली होती. शूलपाणी वयाने मोठा आणि चालीने संथ होता. चालताना त्याचे काटे खुळखुळत, त्यामुळे तो येतो आहे हे लांबूनच कळे. बभ्रूला तो आवाज आवडत असे. घरी जायची वेळ झाली, असा त्याचा अर्थ होता.

एका सुगीत, भर दुपारी, एक नाग फटीतून आत शिरला. बभ्रूने त्याला धान्याच्या राशीपाशी गाठले. झुंज बराच वेळ चालली. शेवटी बभ्रू नागाला फरफटत बाहेर अंगणात घेऊन आला, तेव्हा राज्यातले सगळे छपरावर जाऊन बसले होते.

कोठाराचा कारभारी एक पारवा होता. गळा फुगवल्याशिवाय त्याला बोलता येत नसे. तो छपरावरून उतरला आणि म्हणाला, "बभ्रूराव, तुम्ही होतात म्हणून आम्ही आहोत."

तोवर त्याने बभ्रूला कधी 'तुम्ही' म्हटले नव्हते.

बभ्रूच्या कुटुंबाला टेकाडावर, जुन्या वडाच्या मुळांत, कोरडे आणि उबदार बीळ मिळाले. शेजारपाजार भेटायला येऊ लागला. बभ्रूची बायको भुरी सगळ्यांचे हसून स्वागत करी आणि ते गेले की पिल्लांना घेऊन नेहमीसारखी टोळ पकडायला निघे.

"आता कशाला हिंडतेस?" बभ्रू म्हणे. "कोठारातून येतंय ना सगळं?"

"येतंय तोवर येतंय. पोरांच्या पायांना सवय राहू द्या," भुरी म्हणे.

त्यानंतर मात्र साप आला नाही. पावसाळा गेला, हिवाळा गेला. बभ्रू पहाटेपासून फटी हुंगत बसे. संध्याकाळी 'नाही' म्हणताना पूर्वी त्याला समाधान वाटायचे, आता ओशाळल्यासारखे होऊ लागले. कारभारी जवळून जाताना थांबेनासा झाला. पुढे एकदा थांबला, तो गळा न फुगवताच म्हणाला, "बभ्रू, तू नक्की करतोस काय रे दिवसभर?"

'तू' परत आला आणि त्याच्यामागोमाग हुकूम आला. वडाखालच्या बिळात कारभाऱ्याचा भाचा राहायला गेला. बभ्रूच्या वाट्याला ओढ्याकाठचे बीळ आले, ज्यात पाणी झिरपत असे.

भुरीने एका दिवसात घर हलवले. ओली माती उकरून टाकली, सुका पाला अंथरला, पिल्लांना कोरड्या कोपऱ्यात निजवले. बभ्रू दारात डोके धरून बसला होता.

"अहो, वर ऊन होतं, इथं ओल आहे," ती म्हणाली. "ओलीत गांडुळं मिळतात. पोरं खूश आहेत."

आणि ती हसली.

ते हसणे बभ्रूला खुपले. सगळे गेले आणि ही हसते कशी? हिला आधीच ठाऊक होते की काय? वर्षभर टोळ पकडत हिंडत होती, ती ह्या दिवसाची तयारी करत होती? आपल्या पडण्याची वाट बघत होती? त्या दिवसापासून घरात पाऊल टाकण्याआधी तो दार हुंगू लागला. दिवसभर तेच काम केल्यावर नाक घरी आल्यावर तरी कसे थांबणार, असे त्याने स्वतःला सांगितले.

मग एकदा कोठाराच्या मागच्या भिंतीशी, दगडाखाली, त्याला सापाची कात सापडली. जुनी होती, फुंकर मारली तर उडेल अशी. साप ती टाकून कधीचाच निघून गेला होता. बभ्रूने ती तोंडात धरली आणि तो अंगणात आला.

पुन्हा सगळे छपरावर गेले. पुन्हा कारभाऱ्याचा गळा फुगला. "बभ्रूराव! म्हणजे तो इथेच आहे?"

खरे काय ते सांगायला बभ्रूने तोंड उघडले, पण सांगितले एवढेच, "नाही असं म्हणवत नाही."

दोन दिवसांत वडाखालचे बीळ परत मिळाले. साप मारण्यापेक्षा तो कुठेतरी असणे अधिक उपयोगाचे आहे, हे बभ्रूच्या तेव्हा ध्यानात आले. कात जाळून टाक म्हणून त्याला सांगितले होते. त्याने ती कोठारामागच्या फुटक्या रांजणात दडवली. कारभारी 'तुम्ही'वरून 'तू'वर यायला लागला की ती कात कधी ह्या फटीत, कधी त्या राशीत सापडे. दिवस पुन्हा बरे आले.

भुरी मात्र घर हलवताना म्हणाली होती, "वर जाऊ या की. पण हे खालचं बीळ बुजवू नका हं. असू द्या."

बभ्रू त्या शब्दांवर कितीतरी दिवस विचार करत राहिला. एक चांगले घर असताना दुसरे कशाला हवे? कोणासाठी? एका दुपारी त्याने पहारा सोडला आणि तो ओढ्याकाठी गेला. बीळ झाडून लख्ख केलेले होते. दाराशी ताजी माती उकरलेली होती आणि त्या मातीत साळिंदराचा एक काटा पडला होता, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा.

संध्याकाळी तो काटा त्याने भुरीसमोर ठेवला.

"शूलपाणी भाऊजींचा आहे," ती लगेच म्हणाली. "मीच बोलावलं होतं. बिळाभोवती चर खणून देतायत. पाणी बाहेरच्या बाहेर जाईल."

"दिवसा? त्याची झोपायची वेळ असते ती."

"हो ना. झोपमोड करून येतात बिचारे. तुम्हाला कुठं वेळ आहे?"

इतक्या सहजपणे खरे कोणी सांगत नाही, असे बभ्रूला वाटले. त्याने तिन्ही पिल्लांना जवळ ओढून एकेकाला हुंगले. थोरली अंग चोरून उभी राहिली.

"बाबा, तुमच्याच अंगाला कसला तरी वास येतोय," ती म्हणाली.

"कामाचा आहे तो," बभ्रू म्हणाला.

भुरीने मान वर करून त्याच्याकडे पाहिले. ते पाहणेही त्याला संशयास्पदच वाटले.

आता त्याच्या मनात सगळ्याचा एकमेकांशी मेळ बसू लागला. आपली पत घसरली, तेव्हा कारभाऱ्याच्या कानाशी कोण होते? रात्रीच्या पहाऱ्याला कधी कोणी 'काय करतोस' असे का विचारले नाही? संध्याकाळी काटे खुळखुळले की तो दचकू लागला. शूलपाणी पूर्वीसारखाच विचारी, "वास?" पण त्या शब्दात काहीतरी दडले आहे असे वाटून बभ्रू त्याचे डोळे न्याहाळत बसे.

शेवटी त्याने ठरवले. शूलपाणी दिवसा ज्या झुडपात विसावा घेई, तिथे, तो ओढ्याकडे गेला असताना, बभ्रूने ती कात अंथरलेल्या पाल्याखाली सरकवली. मग तो कारभाऱ्याकडे गेला. साप आत कसा येतो ते आपल्याला कळले आहे, रात्री त्याला कोणीतरी वाट देते, असे त्याने सांगितले. सांगताना त्याचा आवाज जरासुद्धा कापला नाही. त्या क्षणी त्याला ते खरेच वाटत होते.

झुडूप झाडले गेले. कात निघाली. अंगणात सगळे राज्य जमले, अर्थात छपरावर. खाली फक्त शूलपाणी उभा होता. त्याच्या पंजांना ओढ्याची ओली माती लागलेली होती.

"काय म्हणणं आहे तुझं?" कारभाऱ्याने वरून विचारले.

शूलपाणीने कातीकडे पाहिले, मग बभ्रूकडे. "ह्याला विचारा. ह्याचं नाक चांगलं आहे."

त्याला राज्यातून जायला सांगण्यात आले. तो निघाला, तसा रिवाजाप्रमाणे पहारेकरी म्हणून बभ्रू त्याच्यासोबत सीमेपर्यंत गेला. सीमेवरच्या बाभळीपाशी म्हातारा थांबला.

"बभ्रू, रांजणातली कात मला पहिल्या रात्रीच कळली होती," तो म्हणाला. "नाक मलाही आहे."

"मग बोलला का नाहीत?" बभ्रूने विचारले.

"तुझ्या घरात पोरं आहेत. म्हटलं, दिवस फिरले की आपणच टाकून देशील." मग वळता वळता तो म्हणाला, "चराचं तोंड तेवढं खणायचं राहिलंय. वहिनींना सांग."

तो गेला. काट्यांचा आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला. बभ्रूला एकदा हाक मारावीशी वाटली. पण पहिल्या रात्रीच कळले होते आणि इतके दिवस गप्प राहिला, तर त्यात त्याचा काहीतरी हेतू असलाच पाहिजे, हा विचार मनात आला आणि हाक ओठातच राहिली.

परतल्यावर अंगणात समारंभ झाला. दिवसाचा आणि रात्रीचा, दोन्ही पहारे बभ्रूकडे आले. कारभाऱ्याने मोठे भाषण केले. शेवटी सन्मानाची वेळ आली. अंगणात पडलेली कात उचलायला कोणी धजेना. तेव्हा कारभारी म्हणाला, "ही शोभते ती बभ्रूरावांनाच." दोन चिमण्यांनी डोळे मिटून चोचीच्या टोकांनी ती उचलली आणि शाल पांघरावी तशी त्याच्या खांद्यांवरून टाकली. ती त्याच्या पाठीवरून शेपटीच्याही मागे जमिनीवर लोळत राहिली. सगळ्यांनी पंख वाजवले. वाजवता वाजवता जो तो एकेक पाऊल मागे सरकत होता, हे बभ्रूच्या नजरेतून सुटले नाही. हेवा वाटतो आहे सगळ्यांना, असे त्याने मनाशी धरले.

दिवस कलला तेव्हा, रात्रीच्या पहाऱ्याआधी, तो टेकाडावर घरी आला. वडाखालचे बीळ रिकामे होते. पाला उचललेला होता, पिल्लांची जागा थंड होती. त्याला कोणाला काही विचारावे लागले नाही. तो तडक ओढ्याकडे निघाला. मागून कात वाळक्या पानांवर घासत सरसर वाजत होती.

ओढ्याकाठी अजून संधिप्रकाश होता. चर पुरा झाला होता. त्याच्या तोंडाशी लहान लहान पंजांचे ओरखडे होते. पाणी बिळाला वळसा घालून खाली जात होते. दारात भुरी उभी होती.

तिने त्याला पाहिले आणि क्षणात पिल्लांना पाठीमागे घेतले. तिच्या अंगावरचा केस न् केस उभा राहिला. तिला असे त्याने आजवर कधी पाहिले नव्हते, घर गेले तेव्हाही नाही. तिच्या मागून थोरलीनेही अंग फुलवले.

"भुरी, मी आहे," बभ्रू म्हणाला.

"आवाज ओळखला," भुरी म्हणाली. तिचे केस खाली बसले नाहीत.

तिची नजर त्याच्या खांद्यांवरून मागे, जमिनीवर लांबवर गेली होती. म्हणजे मागे कोणीतरी आहे, बभ्रूच्या मनात आले. आपल्या पाठोपाठ इथवर कोणीतरी आले आहे. तो गर्रकन वळला. त्याने दात विचकले, अंग फुलवले आणि आपल्या घराकडे पाठ करून, रिकाम्या वाटेवर नजर रोखून तो पहाऱ्याला उभा राहिला.

त्याच्या पाठीमागे, आतून, कोणीतरी भराभर माती ओढून दार बुजवत होते.