तीन आठवडे उशिराची द्राक्षे

फार जुन्या काळी, राज्यांच्या सीमा जेव्हा नद्यांवरून ठरत, तेव्हा एका राज्यात सगळीकडे पांढऱ्या द्राक्षांचे मळे होते. प्रत्येक मळ्याने द्राक्षांची मदिरा करून राजवाड्यात पाठवायची. सलग तीन वर्षे ती नापसंत ठरली, तर जमीन काढून घ्यायची, असा नियम होता.

समुद्राला लागून असलेल्या एका थंड उतारावर एका विधवेचा मळा होता. तिथे दुपारपर्यंत धुके हलत नसे. मळा तिच्या नवऱ्याने लावलेला. तिची मदिरा दोनदा परत आली होती. यंदाही परत आली, तर वेली उपटून, जमीन सपाट करून तिथे मिठागर होणार होते.

तोडणीचा दिवस राजाच्या हुकमाने साऱ्या राज्यात एकच असे. राजधानीत नगारा वाजला, की गावोगाव नगारे वाजत आणि सगळे टोपल्या घेऊन निघत. आतल्या उन्हाच्या मुलखात तोवर द्राक्षे पिकलेली असत. समुद्रकाठी ती कच्चीच असत. किनाऱ्याची द्राक्षे आंबटच, असे सगळे धरून चालत.

मागल्या वर्षी नवरा गेला, तो तोडणीच्या तोंडावर. ती सुतकात असताना दिराने द्राक्षे तोडली. तीन आठवड्यांनी ती मळ्यात गेली, तेव्हा कुंपणाजवळ चुकून राहिलेल्या एका घडावर पाखरे तुटून पडली होती. तिने एक मणी तोंडात टाकला. आंबटपणा होता, पण त्याच्या मागून गोडी आली. आतली बी हिरवी नव्हती, पिकून तपकिरी झाली होती.

हे नवऱ्याला सांगायला हवे होते, असे तिला वाटले.

यंदा नगारा वाजला आणि ती घरीच बसली. दीर धावत आला.

"वहिनी, नगारा ऐकू आला नाही का?"

"आला की, भाऊजी."

"मग टोपल्या कुठे आहेत?"

"माळ्यावर. अजून तीन आठवडे तिथेच राहतील."

"लोक म्हणतील, दुःखानं हिचं डोकं फिरलंय."

"दुःख आहे. डोकं जागेवर आहे. आलाच आहात, तर एक मणी चाखा."

दिराने चाखला आणि तोंड वाकडे केले.

"अशाच कच्च्या मण्यांची मदिरा आपण दोनदा पाठवली," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दीर कोळ्यांकडून जुनी जाळी घेऊन आला. "मासळी आता वेलीवर चढते काय?" असे कोळी हसले, पण जाळी बांधायला तेही आले. पाखरे बाहेर राहिली. मध्येच पाऊस झाला. तिने घडांभोवतीची पाने काढली, समुद्राचा वारा आत खेळू दिला आणि कुजका मणी दिसेल तसा खुडून टाकला.

बी तपकिरी झाली, तेव्हा पहाटेच्या गारव्यात तोडणी झाली. तिने रस हलक्या हाताने काढला, लाकडी पिंपात भरला आणि तळाशी बसलेला साका चव भरावी म्हणून हिवाळाभर आठवड्यातून एकदा ढवळला.

मदिरा तयार झाल्यावर ती स्वतःच ती घेऊन राजवाड्यात गेली. राजाने तळलेल्या मासळीबरोबर पहिला घोट घेतला. पेला खाली ठेवला आणि लगेच पुन्हा उचलला.

"ही कुठली?"

"समुद्रकाठची, महाराज," विधवा म्हणाली. "नगाऱ्यानंतर तीन आठवड्यांनी तोडलेली."

"हा हुकूम मोडणे झाले," प्रधान म्हणाला.

"हुकूम पाळून दोनदा केली होती," ती शांतपणे म्हणाली. "ती महाराजांनाच पिववली नाही."

राजा मोठ्याने हसला. "तोडणीचा दिवस यापुढे ज्याचा त्याने ठरवावा," त्याने सांगितले आणि तो उतार तिच्या नावे कायमचा करून दिला.

मिठागरासाठी आखलेल्या आणखी सात उतारांवर त्याच वर्षी वेली लागल्या. पुढे राजाच्या पंगतीत पहिला पेला किनाऱ्याचाच भरला जाऊ लागला.

तात्पर्य: पिकण्याची वेळ ज्याच्या त्याच्या मातीची असते, ती ओळखून धीर धरणाऱ्यालाच फळाची खरी गोडी कळते.