म्हाळोजीचा खास शब्द

नदीकाठच्या एका गावात म्हाळोजी नावाचा एक भोळा फुलारी राहत असे. देवाला हार ओवावे आणि सांगितलेले ऐकावे, एवढेच त्याला येत होते. हार तो बरा ओवी. ऐकणे मात्र त्याच्या अंगाशी येई.

त्याची बहीण सगुणा पलीकडच्या गावात दिली होती. तिला फार वर्षांनी मुलगा झाला. बाळाला आपल्या दिवंगत मालकांचे, म्हणजे विश्वंभर हे नाव ठेवीन, असा तिच्या सासूचा, बयाक्कांचा, देवापुढे बोललेला शब्द होता. महिन्याभराने ठरलेल्या बारशाचे आमंत्रण द्यायला सगुणेने दीर धाडला नाही, निरोप धाडला. "दादा, तुझ्यावरून मला इथे रोज ऐकावं लागतं. भोळ्याची बहीण म्हणतात. त्या दिवशी तरी चार शहाण्यांसारखा वाग. माझी एवढी लाज राख."

म्हाळोजीने विचार केला. शहाण्यांसारखे वागायचे, तर शहाण्यांकडे गेले पाहिजे.

गावात शहाणे गुरुवारी भेटत. दत्ताच्या देवळात आरती झाली की काही मंडळी ओवरीत बसत आणि एकमेकांना इंग्रजीतले अवघड शब्द वाटत. त्यांतल्या कोणाची ती मातृभाषा नव्हती. इंग्रज कोणी पाहिला नव्हता. परंतु ज्याला जो अनवट शब्द सापडे, तो त्याने आणावा, इतरांनी मोठ्याने म्हणावा आणि मग खडीसाखर घ्यावी, असा नेम होता. नेम चांगला होता. मंडळाचे मुख्य चिंतोपंत मास्तर. विद्वान गृहस्थ. विद्वत्तेची त्यांना स्वतःला पूर्ण जाणीव होती.

पहिल्या गुरुवारी म्हाळोजीला शब्द मिळाला, बोर्बोरिग्मस. पोटात जी गुडगुड होते, तिला इंग्रजीत असे म्हणतात.

"मास्तर, याचं काय करू?"

"शब्द साठवू नये, म्हाळबा. प्रसाद आहे तो. पुढे जो भेटेल त्याला द्यावा."

"देईन, मास्तर."

पुढे भेटले ते शिंप्याचे घर. शिंप्याचे वडील सकाळीच गेले होते. माणसे मान खाली घालून बसली होती. म्हाळोजी हार घेऊन दारात उभा राहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "बोर्बोरिग्मस!"

गुरुजींना वाटले, मंत्र चुकला. शिंप्याला वाटले, चेष्टा झाली. हार ठेवून घेतला. म्हाळोजीला हाकलले.

मास्तर म्हणाले, "अरे, असं ओरडतात? जवळ जावं. कानाशी तोंड न्यावं. हलकेच सांगावं."

"विसरणार नाही, मास्तर. जवळ जाईन. कानाशी तोंड नेईन. हलकेच सांगेन."

दुसऱ्या गुरुवारी शब्द मिळाला, कॉन्फ्लॅग्रेशन. म्हणजे भडकलेली मोठी आग. दुसऱ्या दिवशी पाटलांच्या परसात कडब्याची गंजी पेटली. म्हाळोजीने ती सर्वांच्या आधी पाहिली. आपल्याजवळ नेमका शब्द आहे, याचा त्याला आनंद झाला. पाटील ओसरीवर झोपले होते. तो चपला काढून जवळ गेला. कानाशी तोंड नेले. हलकेच म्हणाला, "कॉन्फ्लॅग्रेशन."

पाटलांनी कूस बदलली.

तो दुसऱ्या कानाकडे गेला. "कॉन्फ्लॅग्रेशन."

"कान खाजवू नको गं," पाटील झोपेतच म्हणाले.

पाटील जागे झाले तेव्हा कडबा उरला नव्हता.

मास्तर म्हणाले, "नुसता शब्द देतात? अर्थासकट द्यावा. घेणाऱ्याला कळला का, ते विचारावं. आणि कळेपर्यंत जागचं हलू नये!"

"विसरणार नाही, मास्तर. अर्थासकट देईन. कळेपर्यंत हलणार नाही."

तिसरा शब्द प्रोक्रॅस्टिनेशन. आजचे काम उद्यावर ढकलण्याची खोड. म्हाळोजीने तो एसटीच्या ड्रायव्हरला देऊ केला. गाडी निघाली होती. तो गाडीपुढे उभा राहिला.

"ड्रायव्हरसाहेब, प्रोक्रॅस्टिनेशन. म्हणजे आजचं काम उद्यावर ढकलणं. कळलं का?"

"बाजूला हो की!"

"कळलं का?"

"बाजार निघून चाललाय माझा!" आतून एक माळीण ओरडली. "वांगी सुकली, वांगी!"

कंडक्टर खाली उतरला. "काका, त्यांना कळलं. मला पण कळलं. घरी जा."

"मग म्हणून दाखवा."

कंडक्टरला म्हणता येईना. ड्रायव्हरला येईना. माळणीला पहिल्या खेपेस आले, परंतु शब्द तिला दिलेला नव्हता. बाजार उलगडल्यावर गाडी बाजारात पोचली.

या वेळी गाव मास्तरांच्या दारी आले. मास्तर संतापले. "म्हाळ्या, नको असलेला शब्द कुणी परत केला, तर निमूट परत घ्यावा! भांडू नये! त्याच्याऐवजी दुसरा, चांगला द्यावा!"

"विसरणार नाही, मास्तर. परत घेईन. चांगला देईन."

"आणि आता तुला एक शब्द देतो. निंकमपूप. हा खास तुझा. पंचक्रोशीत तुझ्याइतका कुणाला शोभत नाही."

मंडळींनी उपरण्याआड तोंडे लपवली. निंकमपूप म्हणजे ठार मूर्ख. ते म्हाळोजीखेरीज सर्वांना ठाऊक होते.

"अर्थ, मास्तर?"

"अर्थ तुझ्यातच आहे. जा."

म्हाळोजीने मास्तरांच्या पाया पडून तो शब्द घेतला. आजवर त्याला कोणी खास त्याचे असे काही दिले नव्हते. हा त्याने कोणालाच दिला नाही. देवापुढे हार ठेवताना तो एकटाच म्हणून पाही.

बारशाचा दिवस आला. पाहुण्यांत मास्तरही होते. बयाक्कांनी त्यांना मानाने पाटावर बसवले होते. म्हाळोजीने पाळण्याला शेवंतीचा हार बांधला. तो नीट बांधला गेला. सगुणेने देवाचे आभार मानले.

"आता कुणी बोलू नका गं," बयाक्का म्हणाल्या. "आत्याबाई कानात नाव सांगतील. पहिला शब्द नीट पडू दे."

सर्व गप्प झाले. आत्याबाई पदर सावरत पुढे निघाल्या. तेवढ्या शांततेत दूध पिऊन निजलेल्या बाळाच्या पोटात गुडगुड झाली.

म्हाळोजीला नेमका शब्द आठवला. तो आत्याबाईंच्या आधी पोचला. जवळ गेला. कानाशी तोंड नेले. हलकेच म्हणाला, "बोर्बोरिग्मस."

नाव सांगणाऱ्याच्या पाठीत बुक्के घालण्याची रीत आहे. बायकांनी सवयीने त्याच्या पाठीत बुक्के घातले. मग त्यांच्या ध्यानात आले.

"काय सांगितलंस रे माझ्या नातवाला?" बयाक्कांचा आवाज चढला.

"पोटातली गुडगुड. कळलं का?"

"माझ्या मालकांच्या नावाच्या जागी गुडगुड!"

सगुणा रडू लागली. "दादा, परत घे तो शब्द! आत्ताच्या आत्ता परत घे!"

हे म्हाळोजीला शिकवलेले होते. तो भांडला नाही. आपला कान बाळाच्या कानाला लावला आणि शब्द बाहेर येईपर्यंत थांबला. आता दुसरा, चांगला द्यायला हवा होता. आग बाळाला बरी नव्हे. आळसही बरा नव्हे. उरला एकच. तो देताना म्हाळोजीचे डोळे भरून आले. पण भाचा होता. त्याने तो दिला, आणि सर्वांना कळावे म्हणून मोठ्यानेही म्हटला.

"निंकमपूप!"

"आणि हा कोणता?" बयाक्कांनी विचारले.

"माझा खास आहे. मास्तरांनी दिला. पंचक्रोशीत माझ्याइतका कुणाला शोभत नाही म्हणाले. आता बाळाला शोभेल."

"अर्थ काय त्याचा?"

"अर्थ मला दिलेला नाही. मास्तरांना ठाऊक."

सर्वांनी मास्तरांकडे पाहिले. मास्तरांनी पाटाकडे पाहिले. बयाक्का वाट पाहत राहिल्या. शेवटी मास्तर पुटपुटले, "मूर्ख."

मग बयाक्कांनी सुनेचे डोळे आपल्या पदराने पुसले. "रडू नको, सगुणे. तुझा भाऊ भोळा आहे, ते मला ठाऊक होतं. त्याच्याजवळ होतं ते त्यानं भाच्याला दिलं. शहाण्यांनी त्याला काय दिलं, ते आज कळलं." त्यांनी आत्याबाईंना खूण केली. बाळाच्या कानात विश्वंभर हे नाव पडले. बुक्के योग्य पाठीत बसले.

"आणि तू, म्हाळोजी," बयाक्का म्हणाल्या, "तो शब्द बाळाकडून परत घे. ज्याचा आहे त्याला देऊन टाक."

म्हाळोजीने बाळाच्या कानाला कान लावला. थांबला. मग तो उठून मास्तरांच्या पाटाजवळ गेला. त्यांनी शिकवलेले त्याला सर्व आठवत होते. त्याने कानाशी तोंड नेले.

"निंकमपूप," तो हलकेच म्हणाला. "म्हणजे मूर्ख. कळलं का, मास्तर?"

मास्तर काही बोलेनात.

म्हणून म्हाळोजी जागचा हलला नाही.