शिदोरीसोबतचे शब्द

फार पूर्वी, डोंगरापलीकडे जायचं तर पायांशिवाय दुसरं वाहन नव्हतं, त्या काळची ही गोष्ट. एका खिंडीच्या पायथ्याशी धुरपदा नावाची एक बाई भाकरीचं दुकान चालवायची. दुकान म्हणजे काय, चार मेढी, वर पळसाच्या पानांचं छप्पर, खाली चूल आणि पुढे मातीचा कट्टा. अलीकडच्या गावांतली माणसं खिंड चढून पलीकडच्या शहरात बाजाराला जात, ती इथे घटकाभर टेकत. धुरपदा त्यांना गरम भाकरी, लसणाची चटणी आणि एक कांदा पानात बांधून द्यायची. शिदोरी हातात ठेवताना म्हणायची, "हसत जा, हसत या."

हे शब्द तिला कुणी शिकवले नव्हते. दुकान मांडलं त्या पहिल्या दिवशी एक माणूस खिंडीकडे बघून घाबरला होता. त्याला धीर द्यावा म्हणून तिच्या तोंडून ते निघाले. माणूस हसला आणि चढायला लागला. तेव्हापासून ती येईल त्याला तसं म्हणू लागली. सुरुवातीची वर्षं ती माणसाच्या तोंडाकडे बघून म्हणायची. पुढे गर्दी वाढली. मग हात भाकरी थापत असत, नजर तव्यावर असे आणि शब्द आपोआप बाहेर पडत. तरी लोकांना ते आवडत. धुरपदाचा शब्द घेतल्याशिवाय खिंड चढायची नाही, असं काही जण म्हणतही.

एकदा श्रावण सरल्यावर एक घोंगडीवाला आला. तो दर पंधरवड्याला पाठीवर घोंगड्यांचा गठ्ठा घेऊन बाजाराला जायचा. पाच-सहा वर्षं धुरपदा त्याला ओळखत होती, पण नाव कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी दुकानात बरीच माणसं होती. एक भाकरी बांधा, असं तो म्हणाला. धुरपदानं एक भाकरी बांधली, वर न बघता शिदोरी पुढे केली आणि म्हणाली, "हसत जा, हसत या."

घोंगडीवाला हलला नाही. त्यानं शिदोरी घेतली आणि परत कट्ट्यावर ठेवली.

"मावशी," तो म्हणाला, "मागच्या खेपेला आम्ही दोघं होतो."

धुरपदानं मान वर केली. तेव्हा तिला आठवलं की या माणसाबरोबर नेहमी त्याची बायको असायची. उंच, सावळी, सतत काहीतरी बोलणारी. आज तो एकटाच उभा होता. त्यानं भाकरीही एकच मागितली होती, आणि ती हिनं काही न विचारता बांधून दिली होती.

"तुम्ही तेव्हाही हेच म्हणालात," तो पुढे म्हणाला. "शहरात तिला ताप भरला. चार दिवसांत गेली. मी एकटा परत आलो, ते इथूनच आलो. तेव्हा तुम्ही लांबूनच हसून मला हात केलात."

तो रागानं बोलत नव्हता. एखादी वस्तू विसरली असेल तर माणूस ज्या आवाजात सांगतो, त्या आवाजात त्यानं सांगितलं. धुरपदाला त्याचंच जास्त लागलं. ती काही बोलणार, तोवर त्यानं गठ्ठा पाठीवर घेतला आणि तो चढणीला लागलासुद्धा. भाकरी कट्ट्यावरच राहिली.

त्या दिवसापासून धुरपदानं ते शब्द बंद केले. ती भाकरी बांधायची, हातात द्यायची आणि गप्प बसायची.

लोकांना चुकल्या-चुकल्यासारखं झालं. एका तेल्यानं तिला समजावलं. शब्दाला काय मोल पडतं, तुम्ही आपलं म्हणत जा, ऐकणाऱ्याला बरं वाटतं, असं त्याचं म्हणणं. धुरपदाला वाटलं, मोल पडत नाही म्हणूनच तर आपण ते न बघता वाटत सुटलो. पोथ्यांचं गाठोडं घेऊन जाणारे एक शास्त्रीबुवा मात्र खूश झाले. ते म्हणाले, बाई, बरं केलंस, जे आपल्या हातात नाही ते लोकांना देऊ करणं म्हणजे फसवणूकच. हेही तिला पटलं नाही. तिनं कुणाला फसवलं नव्हतं. जाणारा प्रत्येक माणूस सुखरूप परत यावा, असं तिला खरंच वाटायचं. निदान पहिल्यांदा तसं म्हणाली तेव्हा तरी वाटलं होतं.

विचार करून करून तिनं एक नवीन रीत काढली. आता ती हातातलं काम थांबवायची आणि येईल त्याला विचारायची, "बरं आहे ना? खरं सांगा." नुसतं विचारून थांबायची नाही. घरी कोण असतं, कोण आजारी आहे, बाजारात कसल्या कामाला निघालात, सगळं काढून घ्यायची. एकदा न बघण्याची चूक झाली होती, ती परत होऊ नये म्हणून तिची ही धडपड होती.

पण माणसं अवघडली. ओझं डोक्यावर घेऊन उभा असलेला एक कुंभार म्हणाला, "मावशी, ऊन चढतंय. आधी भाकरी द्या." काही जण लांबूनच शिदोरी मागू लागले. काही जण घरूनच भाकरी बांधून आणू लागले.

कार्तिकात एक बाई खिंड उतरून आली. लेकीला सासरी पोचवून ती गावाकडे परत निघाली होती. चालणं झपझप होतं, तोंडावर हसू होतं. धुरपदानं तिचा हात धरला, तिला बसवलं आणि विचारलं, बरं आहे ना, खरं सांग. बाईचं हसू गेलं. ती रडायला लागली ती थांबेचना. उन्हं उतरली तरी तिला उठवेना. शेवटी शेजारच्या वस्तीवरच्या दोघी बायका तिच्यासोबत निघाल्या. जाताना ती डोळे पुसत म्हणाली, "मावशी, तुमच्या मनात वाईट नव्हतं. पण घरी पोचेपर्यंत मला रडायचं नव्हतं. तुम्ही नेहमीसारखं हसत जा म्हणाला असतात, तर मी गेले असते."

धुरपदा चुलीपुढे बसून राहिली. न बघता बोलले, तेव्हा एकाला दुखावलं. खोदून विचारलं, तेव्हा दुसरीला दुखावलं. गप्प बसले, तर येणारी-जाणारी माणसं कोरडीच जातात. माणसाला नक्की काय द्यावं, ते तिला कळेना.

पौष महिन्यात, एका सकाळी घोंगडीवाला खिंड उतरताना दिसला. घोंगड्या विकल्या गेल्या होत्या, पाठ रिकामी होती. त्या श्रावणानंतर तो पायवाटेच्या पलीकडच्या कडेनं जायचा, दुकानाशी थांबायचा नाही. आजही तो तसाच निघाला होता.

धुरपदा उठली. तिनं हाक मारली नाही. वाट ओलांडून ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. हातांना पीठ तसंच होतं.

"बाबा, त्या दिवशी मी बघितलं नाही," ती म्हणाली. "चूक माझी होती. तुम्हाला थांबायचं नसेल तर थांबू नका. पण तिचं नाव मला ठाऊक नाही, ते तेवढं सांगून जा."

त्यानं तिच्या पिठानं भरलेल्या हातांकडे बघितलं. मग म्हणाला, "हौसा."

एवढं बोलून तो निघाला असता, तरी तिनं त्याला अडवलं नसतं. पण तो निघाला नाही. दुकानाकडे आला आणि कट्ट्यावर बसला. धुरपदानं काही विचारलं नाही. समोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि ती भाकरी थापायला लागली. थोड्या वेळानं तो आपणहून बोलू लागला. हौसाला लोकर पिंजायला आवडायचं, पण कातायला आवडायचं नाही. शहरात गेली की ती हटकून एकाच बाईकडून पेरू घ्यायची आणि दर वेळी त्या बाईशी भांडायची. तापातसुद्धा तिला घोंगड्या विकल्या का, हीच काळजी होती. तो सांगत होता आणि धुरपदा ऐकत होती. ऐकता ऐकता तिच्या तव्यावरची एक भाकरी करपली. दोन वाटसरू आले, त्यांनी आपल्या हातानं टोपल्यातल्या भाकरी घेतल्या आणि आवाज न करता निघून गेले.

मग तो म्हणाला, "तुम्हाला एक सांगायचं राहिलं, मावशी. ती तुमची नक्कल करायची."

"माझी?"

"चढताना दम लागला की थांबायची. कमरेवर हात ठेवून तुमच्यासारखी मान हलवायची आणि म्हणायची, हसत जा, हसत या. मग स्वतःच हसत सुटायची. मलाही हसू यायचं. त्या हसण्यावर आम्ही उरलेली चढण चढायचो."

धुरपदानं पदर तोंडाला लावला. आपले शब्द खिंडीच्या वळणावर कुणाच्या उपयोगी पडले होते, हे तिला कधी कळलंच नव्हतं.

घोंगडीवाल्यानं भाकरी खाल्ली. करपलेलीसुद्धा खाल्ली. उठून स्वतःचं पांघरायचं घोंगडं खांद्यावर टाकलं. धुरपदा त्याच्याकडे बघत होती. त्याच्या दाढीत पांढरे केस आले होते. डोळे ओले होते, पण मान त्या दिवसासारखी खाली नव्हती. ते शब्द तिच्या ओठांवर आले. या वेळी तिनं ते तिथेच थांबवले.

"म्हणू का?" तिनं विचारलं.

त्यानं विचार केला.

"आज नको," तो म्हणाला. "आता मेंढरांची कातरणी झाल्याशिवाय माझी खेप नाही. चैत्रात येईन, तेव्हा म्हणा."

आणि तो आपल्या गावाच्या वाटेला लागला.

त्यानंतर धुरपदानं दुकान पुष्कळ वर्षं चालवलं. शिदोरी देताना ती आधी हात थांबवायची आणि समोरच्याचं तोंड बघायची. तेवढ्यात तव्यावरची भाकरी कधी कधी लागायची, पण त्याबद्दल कुणी तक्रार केली नाही. कुणाला ती मोठ्यानं हसत जा म्हणायची. कुणाला नुसतं, वळणावर जपून, एवढंच सांगायची. आणि एखाद्याला काहीच न बोलता पानात एक कांदा जास्त बांधून द्यायची.

तात्पर्य काढायचं तर एवढंच: चांगला शब्द म्हणजे काही हमी नव्हे, ती आपल्या मनातली इच्छा असते. म्हणून तो जरूर द्यावा, पण ज्याला द्यायचा त्याच्याकडे आधी एकदा बघावं. आणि त्याला तो आज नको असेल, तर त्याच्यासाठी राखून ठेवावा.